‘आमचा जीपीए ३.६ आहे, बर्कली मिळेल का?’

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या आई फ्रीमाँटच्या, माहेर मुलुंडचं, अमेरिकेत वीस वर्षं झाली, नवरा-बायको दोघंही आयटीत. मुलगी १९ वर्षांची, इथलीच सिटिझन. हायस्कूलनंतर बर्कली, यूसीएलए, डेव्हिस सगळीकडून नकार आला म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (पहिल्या दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज) गेली, तिथलं पहिलं वर्ष आता संपत आलंय. तिला एन्व्हायर्नमेंटलला जायचंय आणि बर्कलीच हवंय. जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) ३.६, केमिस्ट्रीत बी आलाय. आईंचे प्रश्न: चान्स किती टक्के? केमिस्ट्री रिपीट करायची का? काउन्सेलर म्हणते दोनऐवजी तीन वर्षं लागतील, तर वर्ष वाया जाणार का? नवऱ्याचं म्हणणं, सोप्या मेजरमधून (मुख्य विषयातून) आत शिरू आणि मग कॉम्प्युटरला बदलू. मंडळाच्या गणपतीत सगळे विचारतात ‘सध्या कुठे असते?’, त्याचं काय करायचं? आणि शेवटच्या ओळीत एक तक्रार, की पोरगी दर शनिवारी खाडीकाठच्या रेफ्यूजमध्ये (अभयारण्यात) तण उपटायला जाते आणि चिखलाचे बूट घेऊन घरभर फिरते.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा उत्तर द्यायचं म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्यातले ‘आम्ही’ मोजायला. ‘आमचा जीपीए’, ‘आम्ही फॉलला केमिस्ट्री घेतली’, ‘आम्हाला बी आला’. आठ निघाले. हसत नाहीये हो, माझी आई पण माझ्या दहावीच्या वेळी शेजारच्या काकूंना ‘आमचा बीजगणिताचा पेपर जरा कठीण गेला’ असं सांगायची. पण एक सांगू का, अख्ख्या पत्रात मुलीचं स्वतःचं म्हणावं असं एकच वाक्य आहे, ते चिखलाच्या बुटांचं, आणि तेच तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. त्याच्यावर परत येते, आधी तुम्ही विचारलेलं बघू.

चान्स. बर्कली आणि यूसीएलए या दोन्हीकडे ट्रान्सफरवाल्यांपैकी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मधेच येणाऱ्यांपैकी, साधारण चारातल्या एकाला प्रवेश मिळतो, आणि हायस्कूलमधून थेट अर्ज करणाऱ्यांना साधारण दहातल्या एकाला. म्हणजे ज्या दारातून आत जाता आलं नाही म्हणून तुमच्याकडे गेल्या वर्षी सुतक पाळल्यासारखं झालं होतं, त्याच्यापेक्षा हे दार चांगलं रुंद आहे, आणि हे काही कोणी दयेपोटी ठेवलेलं नाही. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा जो मास्टर प्लॅन केला त्यातच हा रस्ता आखलेला आहे, की दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करा आणि तिसऱ्या वर्षाला यूसीत, म्हणजे बर्कली, यूसीएलए, डेव्हिस हे कॅम्पस असलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, या. आजही यूसीचं टार्गेट दोन फ्रेशमनमागे (हायस्कूलमधून थेट आलेल्यांमागे) एक ट्रान्सफर असं असतं, आणि या ट्रान्सफरवाल्यांत दहातले नऊ कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजांतून आलेले असतात. हायस्कूलला नकार दिला होता म्हणून आता आकस धरतील वगैरे काही नाही, तिथले मार्क कोणी बघत पण नाही.

आपल्याकडे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनीअरिंगला येणारी मुलं आठवतात का? पहिल्या सेमिस्टरला एम-थ्रीने (गणिताच्या तिसऱ्या पेपरने) त्यांचा घाम काढायचा पण वर्कशॉपमध्ये आणि ड्रॉइंगला तीच मुलं बाकीच्यांना शिकवायची. नातेवाइकांना समजवायचं असेल तर हे उदाहरण द्या, फक्त इथे डायरेक्ट थर्ड इयर असतं एवढाच फरक. कम्युनिटी कॉलेज हे नाव ऐकून पुण्यातल्या आत्याबाईंना शिवणक्लास डोळ्यासमोर येतो त्याला आपण काय करणार!

पण हा चारातला एक म्हणजे सरासरी आहे, तुमच्या मुलीचा चान्स नव्हे. त्या चारांत मेजरचे कोर्स अर्धवट ठेवून अर्ज करणारे पण धरलेत, आणि नुसती हौस म्हणून एक खडा टाकून बघणारे पण. त्यामुळे टक्केवारीच्या मागे लागण्यात खरंच अर्थ नाही. त्यापेक्षा तिला एक विचारा, एन्व्हायर्नमेंटल म्हणजे नक्की काय? कारण ही भाजीची पिशवी आहे, आत काय आहे ते बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. बर्कलीत हे सगळं बहुतांशी राऊसर कॉलेज ऑफ नॅचरल रिसोर्सेसमध्ये येतं आणि तिथेच किती प्रकार आहेत बघा. एन्व्हायर्नमेंटल सायन्सेस म्हणजे कॅल्क्युलस, केमिस्ट्री, बायोलॉजी असं पक्कं सायन्स. सोसायटी अँड एन्व्हायर्नमेंट म्हणजे धोरण, न्याय, समाजशास्त्र. एन्व्हायर्नमेंटल इकॉनॉमिक्स अँड पॉलिसी म्हणजे अर्थशास्त्र. आणि कॉन्झर्व्हेशन अँड रिसोर्स स्टडीज नावाचं एक मेजर आहे त्यात विद्यार्थी स्वतःचा अभ्यासविषय स्वतः बांधतो. एन्व्हायर्नमेंटल इंजिनीअरिंग तर पार दुसऱ्या कॉलेजात, तिथे गणित-फिजिक्सची पूर्ण रांग लागते. प्रत्येकाला आधी करून यायचे कोर्स वेगळे. मुलगी जर पॉलिसीवाली असेल आणि तुम्ही तिला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये रगडत असाल तर दोघींची दमछाक फुकट.

हे बघायची जागा एकच, असिस्ट डॉट ऑर्ग. फुकट आहे, सरकारी आहे, तिथे आपलं कम्युनिटी कॉलेज टाकायचं, हवी ती यूसी टाकायची, मेजर निवडायचं, की डाव्या-उजव्या बाजूला यादीच येते की तिथला अमुक कोर्स म्हणजे तुमच्याकडचा तमुक. एका रविवारी चहा घेऊन बसा, पण लॅपटॉप तिच्या हातात द्या. बर्कली, डेव्हिस, यूसीएलए, सांता बार्बरा, सांता क्रूझ अशा पाच प्रिंट काढा आणि चार-पाच ठिकाणी सामाईक असलेल्या कोर्सवर पिवळा हायलायटर मारा. ते पिवळे आधी. मी हे माझ्या भाच्याबरोबर केलंय, आमच्या डायनिंग टेबलवर आठवडाभर तो पसारा होता, आणि त्यातून लक्षात आलं की तो ज्या दोन क्लासमध्ये सेमिस्टरभर राबला होता ते पाचातल्या एकाही ठिकाणी मेजरला लागत नव्हते! नुसती युनिट्स (कोर्स मोजायचं माप) वाढली. शिवाय यूसीच्या इन्फो सेंटरवर ‘ट्रान्सफर्स बाय मेजर’ नावाचं पान आहे, तिथे कॅम्पसनुसार आणि मेजरनुसार किती जणांनी अर्ज केला, किती घेतले आणि घेतलेल्यांचा जीपीए कुठून कुठपर्यंत होता हे दरवर्षीचं दिसतं. तुमचा ‘किती टक्के’ तिथे बघा, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

केमिस्ट्रीचा बी. रिपीट करायचा नाही, कारण करून उपयोगच नाही. सी किंवा त्याच्या वर ग्रेड आलेला कोर्स परत केला तरी यूसी पहिलाच ग्रेड धरते, डी किंवा एफ असेल तरच रिपीटचा फायदा. तो बी आता तिच्याबरोबर राहणार, आणि राहू दे, केमिस्ट्रीतला बी म्हणजे काही गुन्हा नाही. पुढच्या केमिस्ट्रीत ए आला की कागदावर चढती रेष दिसते आणि ते वाचणाऱ्याला कळतं. विथड्रॉ करून करून ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यूची माळ लावणारी मुलं मी बघितलीत, त्यापेक्षा बी हजारदा बरा.

आता दोन वर्षं की तीन. तुम्ही लिहिलंय ‘वर्ष वाया जाईल’. कोणाचं? सायन्सच्या मेजरला कोर्स एकामागे एक साखळीने येतात, आधी प्रीकॅल्क्युलस मग कॅल्क्युलस एक मग दोन, आधी जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग मग दुसरा, बायोलॉजीची सिरीज कुठे केमिस्ट्रीनंतरच देतात, आणि त्यातला एखादा क्लास फक्त स्प्रिंगलाच (जानेवारीनंतरच्या सेमिस्टरला) असतो किंवा भरलेला असतो. एक कडी सुटली की सहा महिने गेले. काउन्सेलर तीन म्हणतेय ते यामुळे, तुमच्या मुलीत काही कमी आहे म्हणून नाही. सगळं कोंबून दोन वर्षांत तीन सायन्स एका सेमिस्टरला घेतली आणि ३.६ चा ३.२ झाला तर ते वाचवलेलं वर्ष कुठल्या भावात पडलं? फक्त कम्युनिटी कॉलेजमधलीच युनिट्स असतील तर जास्त झाली म्हणून यूसी नाकारत नाही, आणि तीन वर्षं लागली म्हणून कोणी मार्क कापत नाही. युनिटचा दर ४६ डॉलर आहे, म्हणजे ६० युनिट्सचे २,७६० डॉलर, आणि पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या फुलटाइम मुलांना पहिली दोन वर्षं बऱ्याच कॉलेजांत तेवढेही भरावे लागत नाहीत. इतकं स्वस्त वर्ष तिच्या आयुष्यात परत येणार नाही.

(एच-४, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर असलेल्या घरांसाठी इथे कंसात एक: तुमच्याकडे तिसऱ्या वर्षाचा हिशोब वेगळा आहे, एकविसाव्या वाढदिवसाला डिपेंडंट स्टेटस संपतं आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जायची वेळ आली तर फीची सगळी गणितं उलटू शकतात, त्यामुळे ती तारीख आधी कॅलेंडरवर लिहा आणि वकिलाशी आत्ताच बोला, मुलगा एकोणीसचा असताना, वीस पूर्ण झाल्यावर नको.)

आणि आता ती गोष्ट जिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही आणि मला सगळ्यात जास्त आश्चर्य त्याचंच वाटलं. टॅग. ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. डेव्हिस, सांता बार्बरा, सांता क्रूझ, अर्व्हाइन, रिव्हरसाइड आणि मर्सेड या सहा यूसी कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना लेखी हमी देतात की ठरलेला जीपीए आणि ठरलेले कोर्स पूर्ण करा, सीट तुमची. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो यात नाहीत. गेली काही वर्षं साधारण अट डेव्हिसला ३.२, सांता क्रूझला ३.० आणि सांता बार्बराला ३.४ अशी आहे, काही मेजरना जास्त असते आणि काहींना टॅग मिळतच नाही, त्यामुळे त्या त्या वर्षीचा तक्ता बघायचा. तुमची मुलगी ३.६ वर आहे! टॅग एकाच कॅम्पसला भरता येतो, तो सप्टेंबरच्या १ ते ३० मध्ये, आणि तोपर्यंत निम्मी म्हणजे ३० सेमिस्टर युनिट्स हातात असलेली बरी. टॅग भरला म्हणून बर्कलीचा अर्ज बंद होत नाही, मुख्य अर्ज ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर असतो त्यात बर्कली टाका, यूसीएलए टाका, काय टाकायचं ते टाका. खाली जाळं बांधून ठेवलं की वर कसरत करायला भीती वाटत नाही, एवढं साधं आहे.

आणि डेव्हिस किंवा सांता बार्बरा म्हणजे ‘बर्कली नाही मिळालं म्हणून’ असं जे तुमच्या पत्रातून डोकावतं ना, ते जरा तपासा. डेव्हिस हे मुळातच शेती, पाणी, माती, जंगल यांचं विद्यापीठ, पर्यावरणवाल्याला तिकडे काय कमी? सांता बार्बराच्या समुद्रात जानेवारी १९६९ ला तेलगळती झाली, किनारा काळा पडला, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी तिथे एन्व्हायर्नमेंटल स्टडीज सुरू झालं, म्हणजे देशातल्या सगळ्यात जुन्या विभागांपैकी एक. कॅल स्टेट या राज्याच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठांकडे पण नाक मुरडू नका, पार उत्तरेला अर्काटात कॅल पॉली हंबोल्ट आहे, रेडवूडच्या जंगलात, त्या गावाचं सांडपाणी पाणथळीतून फिरवून साफ करतात आणि त्याच पाणथळीत पक्षी बघायला लोक लांबून येतात. मला विचाराल तर दलदलीत रमणाऱ्या पोरीने ते एकदा डोळ्यांनी बघावं. पाच-साडेपाच तासांची ड्राइव्ह आहे, कुठल्यातरी लाँग वीकेंडला लास वेगासऐवजी.

तुमच्या मिस्टरांची आयडिया, सोप्या मेजरमधून शिरायचं आणि आतून कॉम्प्युटरला जायचं. ही युक्ती इतकी जुनी आहे की दारावर तिच्यासाठीच कुलूप लावलेलं असतं. ट्रान्सफरची मुलं थेट तिसऱ्या वर्षाला येतात, हातात दोन वर्षं, आणि कॉम्प्युटरसारखं गर्दीचं मेजर आतून बदलायला जवळजवळ वावच नसतो. मग ना धड हे ना धड ते. आणि मुळात ती कॉम्प्युटर हवंय असं कुठे म्हणतेय? मिस्टरांची खरी काळजी पोटापाण्याची असेल, आणि ती रास्त आहे, पर्यावरणातला सुरुवातीचा पगार तुमच्या घरातल्या पगारांसारखा नसतो हे आत्ताच तिच्यासमोर मोकळेपणाने बोला. पण काम नसतं असं नाही. कॅलिफोर्नियात १९७० पासून सीक्वा कायदा आहे, त्यामुळे मोठं बांधकाम म्हटलं की आधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासा, अहवाल करा, आणि हे अहवाल लिहिणाऱ्या, दलदलीची हद्द आखणाऱ्या, पाणी तपासणाऱ्या लोकांची एक अख्खी इंडस्ट्री त्याच्यावर चालते. जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र, येणाऱ्याला तिथे पहिल्या दिवसापासून काम मिळतं आणि जीआयएसचे क्लास बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत असतात. बाबांना काही करायचंच असेल तर डेटाबेस आणि पायथन शिकवा म्हणावं, तेवढा कॉम्प्युटर तिला खरंच उपयोगी पडेल.

आता बूट.

फ्रीमाँटची ती रेफ्यूज म्हणजे डॉन एडवर्ड्स असणार. ताई, तुम्ही मुलुंडच्या. हायवेच्या पलीकडची मिठागरं तुम्ही लहानपणी बघितली असतील, मी ठाण्याची, आम्ही तर ट्रेनमधून बघायचो, चौकोन चौकोन आणि मधे मिठाचे पांढरे ढीग. तुमची मुलगी जिथे शनिवारी जाते ती पण मिठागरंच होती! सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिण टोकाला शंभराहून जास्त वर्षं मीठ पिकवलं, आणि २००३ साली तिथली १५,१०० एकर मिठागरं कंपनीकडून सरकारी ताब्यात घेतली आणि आता बांध फोडून भरतीचं पाणी परत आत सोडतायत, की तिथे पिकलवीड नावाचं खाऱ्या दलदलीतलं झुडूप उगवावं आणि त्यात राहणारा खारदलदलीतला एवढासा उंदीर आणि रिजवेज रेल नावाचा पक्षी परत यावा. पश्चिम किनाऱ्यावरचं दलदल जिवंत करायचं हे सगळ्यात मोठं काम आहे आणि तुमची पोरगी त्यातलं तण उपटते. इकडे तुमच्या माहेरच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. तुम्ही कधी तिला मुलुंडच्या मिठागरांचं सांगितलंय?

हे भावनेसाठी लिहीत नाहीये, त्याचा अर्जाशी थेट संबंध आहे. यूसीच्या ट्रान्सफर अर्जात चार छोटे निबंध असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द, आणि त्यातला एक सगळ्यांना सक्तीचा: तुम्ही तुमच्या मेजरसाठी तयारी कशी केलीत? शिफारसपत्रं नाहीत, एसएटी नाही, त्यामुळे ग्रेड आणि कोर्स सोडले तर ती माणूस म्हणून दिसते ती इथेच. तिथे बहुतेक मुलं ‘लहानपणापासून मला निसर्गाची आवड आहे’ असं लिहितात. हिने कुठल्या तळ्याचा बांध फोडल्यावर पहिल्या हिवाळ्यात काय बदललं, कुठलं तण उपटलं की परत येतं आणि का, केमिस्ट्रीत क्षारता शिकताना तिला ते तळं आठवलं का, एवढं लिहिलं तरी वाचणारा सरसावून बसेल. पण ते तिने लिहायचं. तुम्ही लिहिलेलं ओळखू येतं, आईने भरलेल्या डब्यासारखं. आणि दर शनिवारी जाते तर तारीख आणि तास वहीत टिपून ठेवायला सांगा, नोव्हेंबरमध्ये आठवत नाही.

दोन बारीक गोष्टी, ज्यात हुशार मुलं आपटतात. अर्ज गेला की संपलं असं नाही, जानेवारीत अपडेट भरावा लागतो, फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे कोर्स त्यात द्यायचे, विसरलं तर अर्ज लटकतो. आणि एप्रिलमध्ये अ‍ॅडमिशन आली तरी ती अटींवर असते. माझ्या भाच्याने अ‍ॅडमिशन आल्याच्या आनंदात स्प्रिंगचं फिजिक्स सोडून दिलं, न विचारता, आणि मग जून अख्खा आमच्या घरात कोणाला धड झोप नव्हती. शेवटी समर सेशनला तोच कोर्स करून निभावलं. कोर्स सोडायचा असेल तर आधी विद्यापीठाला कळवायचं, नंतर नाही. हो, आणि डेव्हिस, सांता बार्बरा, सांता क्रूझ इथे क्वार्टर असतात, दहा आठवड्यांत खेळ खलास, तिसऱ्या आठवड्यात मिडटर्म. पहिल्या क्वार्टरला ग्रेड घसरला तर फोनवर ओरडू नका, बहुतेकांचा घसरतो.

गणपतीतल्या प्रश्नाचं म्हणाल तर ‘सध्या कुठे असते?’ याचं खरं उत्तर ‘शनिवारी दलदलीत’ असं आहे, देऊन बघा, समोरच्याला पुढचा प्रश्नच सुचत नाही. तो विचारणारा पण आपल्या मुलाच्या अ‍ॅडमिशनने झोप उडालेलाच असतो, दहात आठ वेळा तो तुम्हाला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारेल, की टॅगचं नक्की काय असतं हो?

पुढच्या शनिवारी एकदा तिच्याबरोबर जाऊन या. सकाळी लवकर निघतात, टोपी आणि पाण्याची बाटली घ्या आणि तिथे गेल्यावर ‘आम्ही’ बंद, ती सांगेल ते तण उपटायचं. बुटांसाठी गॅरेजच्या दाराशी एक जुनं पायपुसणं टाका. दोन जोड मावतील असं मोठं.